मिलिंद : एका ग्रीक नावाचा इतिहास

मराठी भाषिक प्रदेशात 'मिलिंद' हे पुरुषाचे नाव इतके रूढ आहे की, ते परदेशातून आलेले असेल अशी शंका सहसा कोणाच्या मनात येत नाही. नावाचा अर्थ कोणी विचारलाच, तर 'भुंगा' असे उत्तर मिळते, आणि ते चुकीचेही नाही. उत्तरकालीन संस्कृत काव्यात हा शब्द त्या अर्थाने येतो. तथापि पालि वाङ्मयातून आपल्यापर्यंत आलेल्या मिलिंद राजाचा भुंग्याशी काही संबंध नाही. तो ग्रीक होता आणि त्याचे मूळ नाव मेनान्द्रोस असे होते. आजच्या ग्रीसमध्ये हे नाव क्वचितच ठेवले जाते. मायदेशी मागे पडलेले एक नाव दोन हजार वर्षांनंतर भारताच्या एका भागात घरोघरी उच्चारले जावे, हे कसे घडले याचा विचार येथे करावयाचा आहे.

नावाची घडण

प्राचीन ग्रीकांमध्ये आडनाव नव्हते. प्रत्येक व्यक्तीस एकच नाव असे आणि ओळख पटविण्याकरिता त्यापुढे पित्याचे नाव षष्ठी विभक्तीत जोडण्यात येई. अथेन्समध्ये याखेरीज मूळ गावाचाही निर्देश होत असे. थोरल्या मुलास आजोबांचे, म्हणजे पित्याच्या पित्याचे, नाव ठेवण्याचा प्रघात होता. त्यामुळे एकाच कुळात एक पिढी सोडून तेच नाव पुन्हा पुन्हा येई. भारतातील अनेक समाजांना ही चाल अपरिचित नाही.

ही नावे बहुधा सामासिक असत. 'अलेक्झान्द्रोस' म्हणजे माणसांचे रक्षण करणारा, 'लिसान्द्रोस' म्हणजे माणसांना मुक्त करणारा, 'एवान्द्रोस' म्हणजे भला पुरुष. या सर्व नावांच्या अखेरीस येणारे पद 'आनेर', म्हणजे पुरुष, या शब्दापासून झालेले आहे. मेनान्द्रोस या नावातील उत्तरपदही तेच होय. पूर्वपदाविषयी मात्र दोन मते आहेत. एका मतानुसार ते 'मेनोस' या शब्दापासून आले. मेनोस म्हणजे अंगातील जोम, आवेश, लढवय्याचे बळ; होमरच्या महाकाव्यात देवता वीरांच्या ठायी हेच बळ फुंकताना दिसतात. दुसऱ्या मतानुसार ते 'मेनेइन', म्हणजे राहणे, टिकणे, शत्रूपुढे पाय रोवून उभे राहणे, या धातूपासून आले. पहिला अर्थ घेतल्यास मेनान्द्रोस म्हणजे पुरुषाचे बळ अंगी असलेला. दुसरा घेतल्यास पुरुषांच्या हल्ल्यापुढे न डगमगणारा. कोणताही अर्थ घेतला तरी नाव शौर्याचेच ठरते.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांना येथे आणखी एक गोष्ट जाणवेल. ग्रीक 'मेनोस' आणि संस्कृत 'मनस्' हे शब्द एकाच प्राचीन मूळ शब्दापासून निघालेले आहेत. 'आनेर' आणि 'नृ' अथवा 'नर' यांचेही तसेच. ऋग्वेदात 'नृमणस्' हे विशेषण येते. त्यात नेमके हेच दोन घटक आहेत, केवळ त्यांचा क्रम उलटा आहे. म्हणजे पहिली व्युत्पत्ती ग्राह्य धरली, तर हे नाव भारतात येण्यापूर्वीच त्याचा एक चुलतभाऊ येथे नांदत होता, असे म्हणता येईल. अर्थात त्या काळी हे नाते ना ग्रीकांना ठाऊक होते, ना भारतीयांना.

ग्रीसमधील धारक

अथेन्समधील शिलालेखांत हे नाव वारंवार आढळते. इ. स. पू. ४०५ मध्ये आयगॉस्पोटामी येथे अथेन्सच्या आरमाराचा जो निर्णायक पराभव झाला, त्या वेळच्या सेनापतींपैकी एकाचे नाव मेनान्द्रोस होते. अलेक्झांडरने इ. स. पू. ३३१ मध्ये लिडिया प्रांतावर नेमलेला अधिकारीही याच नावाचा होता.

परंतु या नावाला खरी कीर्ती लाभली ती एका नाटककारामुळे. डिओपेइथेसचा पुत्र मेनान्द्रोस इ. स. पू. ३४२ च्या सुमारास जन्मला. त्याने शंभराहून अधिक सुखान्तिका लिहिल्या. देवादिकांची व पुढाऱ्यांची थट्टा सोडून त्याने घरातील माणसे रंगभूमीवर आणली : कंजूष बाप, प्रेमात पडलेला मुलगा, चतुर दास, चुकीने संशयित ठरलेली पत्नी. रोमन नाटककारांनी त्याची नाटके लॅटिनमध्ये उतरवली आणि त्यांच्या द्वारे युरोपीय सुखान्तिकेचा पाया घातला गेला. मूळ नाटके मात्र मध्ययुगात लुप्त झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इजिप्तच्या वाळूतून जुने पपायरस बाहेर येऊ लागले, तेव्हा त्यांतील काही भाग पुन्हा हाती लागले. इ. स. पू. ३१६ मध्ये पारितोषिक मिळविणारे त्याचे 'डिस्कोलोस', म्हणजे 'तुसडा', हे नाटक १९५८ मध्ये जवळजवळ संपूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाले.

पुढील शतकांत इफेससचा एक इतिहासकार, लाओडिकियाचा एक वक्तृत्वशास्त्रज्ञ आणि सहाव्या शतकातील बायझंटाइन इतिहासकार हे सर्व मेनान्द्रोस नावाचेच होते. त्यानंतर नावाची चलती ओसरली. ख्रिस्ती धर्माच्या प्रसाराबरोबर ग्रीक कुटुंबे मुलांना संतांची नावे ठेवू लागली. आजोबांचे नाव नातवास देण्याची चाल टिकून राहिली, परंतु आजोबांचे नावच आता गेओर्गिओस, दिमित्रिओस, कॉन्स्टान्टिनोस किंवा इओआन्निस असे असे. पूर्वेकडील ख्रिस्ती पंचांगात १९ मे रोजी स्मरण केल्या जाणाऱ्या हुतात्म्यांमध्ये एक मेनान्द्रोस आहे. तथापि त्याच्या नावाने मुलांची नावे ठेवण्याची मोठी परंपरा निर्माण झाली नाही. एकोणिसाव्या शतकात ग्रीस स्वतंत्र झाल्यावर प्राचीन नावांचे पुनरुज्जीवन झाले, त्यातही या नावाच्या वाट्यास थोडेच आले. अथेन्समधील एका रस्त्यास नाटककाराचे नाव आहे; पाळण्यात मात्र ते क्वचितच ऐकू येते.

पंजाबातील ग्रीक राजा

अलेक्झांडर इ. स. पू. ३२६ मध्ये पंजाबात आला आणि परत फिरला. त्याच्यामागे मध्य आशियात राहिलेल्या ग्रीकांनी इ. स. पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यास बॅक्ट्रिया येथे, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानच्या परिसरात, स्वतंत्र राज्य स्थापले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी त्यांच्यापैकी काही राजे हिंदुकुश ओलांडून दक्षिणेस उतरले. या राजांमध्ये सर्वांत नामांकित ठरला तो मेनान्द्रोस. त्याचा काळ इ. स. पू. दुसऱ्या शतकाच्या मध्याचा मानला जातो. पालि परंपरेनुसार त्याची राजधानी सागल येथे होती. हे नगर म्हणजे पाकिस्तानातील आजचे सियालकोट, असे सामान्यतः समजले जाते.

ग्रीक व रोमन लेखकांनी भारतातील ग्रीक राजांविषयी फारच थोडे लिहून ठेवले. त्या थोड्यातही मेनान्द्रोसचे नाव येते. त्याने अलेक्झांडरपेक्षा अधिक लोकसमूह जिंकल्याचे एका जुन्या लेखकाच्या आधारे भूगोलकार स्ट्रेबो नमूद करतो. प्लुटार्क सांगतो की, हा राजा न्यायाने राज्य करीत असे. छावणीत त्याचा मृत्यू झाला तेव्हा त्याच्या रक्षेवरून नगरांमध्ये तंटा उद्भवला आणि अखेर रक्षेचे सारखे वाटे करून प्रत्येक नगराने आपापले स्मारक उभारावे असा तोडगा निघाला. बुद्धाच्या अस्थींचीही अशीच वाटणी झाल्याची कथा आहे. या साम्याकडे अभ्यासकांचे लक्ष पूर्वीच गेले आहे.

याहून अधिक बोलकी आहेत ती त्याची नाणी. ती चांदीची व तांब्याची असून विपुल प्रमाणात सापडतात. एका बाजूस ग्रीक लिपीत 'त्राता राजा मेनान्द्रोस याचे' असा मजकूर, तर दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत व प्राकृत भाषेत 'महरजस त्रतरस मेनंद्रस'. कित्येक नाण्यांवर वज्र उगारलेली अथीना देवी आहे. काही तांब्याच्या नाण्यांवर आठ आऱ्यांचे चक्र आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध असलेला सागरी प्रवासाचा ग्रंथ लिहिणाऱ्या ग्रीक व्यापाऱ्याने भडोचच्या बाजारात मेनान्द्रोसची जुनी नाणी चालत असल्याचे नमूद केले आहे. राजा जाऊन दोन शतके होत आली होती. त्याचे नाव मात्र अद्याप हातोहात फिरत होते.

मेनान्द्रोसचा मिलिंद कसा झाला

परकीय नाव एखाद्या भाषेत शिरले की ती भाषा त्यास आपल्या जिभेप्रमाणे वळवते. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावे आहेत. त्यात अँटिओकोस 'अंतियोक' झाला आहे, टोलेमाइओस 'तुरमय' आणि अलेक्झान्द्रोस 'अलिकसुदर'. विदिशेजवळील बेसनगरच्या गरुडस्तंभावरील लेखात तक्षशिलेचा ग्रीक राजा अँटिअल्किडास 'अंतलिकित' या रूपात भेटतो. अलेक्झान्द्रोसचे 'सिकंदर' हे रूप यानंतर कित्येक शतकांनी पश्चिम आशियामार्गे आले. त्यात आरंभीचा 'अल' हा अरबी भाषेतील उपपद समजून गळून पडला.

मेनान्द्रोस या नावाच्या बाबतीत पहिली पायरी नाण्यांवरच दिसते. ग्रीक 'ओस' हा प्रत्यय जाऊन 'मेनंद्र' उरले. दुसऱ्या पायरीवर 'न'चा 'ल' झाला. हा बदल मराठी वाचकास विचित्र वाटण्याचे कारण नाही. एकाच शब्दात दोन अनुनासिके जवळजवळ आली, तर त्यांपैकी पहिल्याचा 'ल' करण्याची प्रवृत्ती आपल्या भाषांत जुनी आहे. 'निंब'चा 'लिंब' असाच झाला आणि 'नवनीत'चे 'लोणी'ही याच वाटेने आले. तिसऱ्या पायरीवर 'द्र'मधील रकार गेला. 'चंद्र' या शब्दाचे प्राकृतात 'चंद' होते तसे. उरलेल्या स्वरबदलास 'इंद्र' शब्दाचे पालि रूप 'इंद' याचे सादृश्य कारणीभूत झाले असावे. अशा रीतीने 'मेनंद्र'चा 'मिलिंद' झाला. चौथ्या शतकाच्या सुमारास झालेल्या या संवादाच्या चिनी भाषांतरात राजाचे नाव 'मिलान' असे येते. म्हणजे हा 'ल' पालिपुरता मर्यादित नव्हता.

येथे एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. भारतात स्थायिक झालेल्या अनेक ग्रीकांनी आपली नावेच बदलली. नाशिकच्या लेण्यांतील एका लेखात दान देणारा स्वतःस 'योणक', म्हणजे ग्रीक, म्हणवतो. परंतु त्याचे नाव इंद्राग्निदत्त आणि पित्याचे नाव धर्मदेव असे आहे. मेनान्द्रोसने आपल्या नाण्यांवर अखेरपर्यंत आपले ग्रीक नावच घातले. ते बदलले लोकांनी, बोलता बोलता. आणि म्हणूनच ते लोकांचे झाले.

नावाविषयीचा प्रश्न

'मिलिंदपञ्ह', म्हणजे मिलिंदाचे प्रश्न, हा पालि ग्रंथ या राजाचे नाव अजरामर करणारा ठरला. राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांच्यातील संवाद हे त्याचे स्वरूप. त्यातील आरंभीचा भाग जुना असून पुढील भाग नंतर जोडले गेले, असे विद्वानांचे मत आहे. ब्रह्मदेशात या ग्रंथाचा समावेश त्रिपिटकात होतो.

योगायोग असा की, हा संवाद सुरू होतो तोच नावापासून. राजा भिक्षूस त्याचे नाव विचारतो. भिक्षू सांगतो की, लोक मला नागसेन म्हणतात. परंतु ती केवळ व्यवहाराकरिता वापरावयाची संज्ञा आहे, त्या नावामागे कोणी कायम टिकणारी व्यक्ती सापडावयाची नाही. राजा चकित होतो. मग चीवर कोणास द्यावयाचे, शील कोण पाळतो, असे एकामागून एक प्रश्न तो विचारतो. केस, नखे, दात यांपैकी नागसेन कोणता, असेही विचारतो. तेव्हा नागसेन उलट प्रश्न करतो : महाराज येथे कशातून आले? रथातून, असे उत्तर मिळते. मग रथ म्हणजे आस की चाके, जू की दांडी? राजास कबूल करावे लागते की, यांपैकी एकही भाग रथ नव्हे. हे सर्व भाग एकत्र आले म्हणजे त्यास रथ म्हणण्याची रीत आहे. नावाचेही तसेच, असे नागसेन सांगतो, आणि राजा त्याची प्रशंसा करतो.

हा संवाद प्रत्यक्षात घडला की नाही, हे ठरविता येणार नाही. परंतु भारतीय परंपरेने या परकीय राजास कोणत्या रूपात लक्षात ठेवले, हे त्यावरून कळते. ज्या राजाचे नाव मुळात युद्धातील बळाचे होते, तो येथे नम्रपणे पण चिकाटीने प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटले की ते मान्य करणारा म्हणून ओळखला गेला. नावाचा मूळ अर्थ कोणाला ठाऊक नव्हता. धारकाच्या चरित्राने त्यास नवा अर्थ दिला.

विस्मरण आणि शोध

पुढे भारतभूमीतून बौद्ध धर्म मावळत गेला आणि त्याबरोबर या राजाची आठवणही. पालि ग्रंथ श्रीलंका व ब्रह्मदेश येथे सांभाळले गेले. नाणी जमिनीखाली राहिली. १८२० च्या दशकात कर्नल जेम्स टॉड यांनी मेनान्द्रोसची नाणी अभ्यासकांच्या नजरेस आणली. पुढील दशकात चार्ल्स मॅसन यांनी अफगाणिस्तानात हजारो नाणी गोळा केली. नाण्याच्या एका बाजूची ग्रीक अक्षरे वाचता येत होती, दुसऱ्या बाजूची खरोष्ठी येत नव्हती. दोन्हीकडे नाव एकच असले पाहिजे, या तर्काने मॅसन यांनी मोजक्या शब्दांची खरोष्ठी रूपे ओळखली. त्यांत मेनान्द्रोस हे नाव होते. कलकत्त्यास जेम्स प्रिन्सेप यांनी हा धागा पुढे नेला आणि विसरली गेलेली एक लिपी वाचता येऊ लागली. म्हणजे प्राचीन भारताचे एक कुलूप ज्या किल्ल्यांनी उघडले, त्यांपैकी एक हे नाव होते.

१८८० मध्ये डॅनिश विद्वान ट्रेंकनर यांनी 'मिलिंदपञ्ह'ची संशोधित आवृत्ती प्रसिद्ध केली आणि १८९० व १८९४ मध्ये ऱ्हिस डेव्हिड्स यांचे इंग्रजी भाषांतर दोन खंडांत निघाले. पालि ग्रंथातील मिलिंद व नाण्यांवरील मेनान्द्रोस हे एकच, ही गोष्ट आता सुशिक्षितांच्या परिचयाची झाली.

नाव निवडण्याचा अधिकार

विसाव्या शतकात मिलिंद हे नाव मराठी घरांत शिरले. मुंबईचे क्रिकेटपटू मिलिंद रेगे यांचा जन्म १९४९ सालचा आहे, यावरून त्या सुमारास हे नाव नव्या पद्धतीची सुटसुटीत, कानाला गोड लागणारी नावे शोधणाऱ्या कुटुंबांत पोचले होते, हे दिसते. त्यांच्यापैकी अनेकांना भुंगा हा अर्थ पुरेसा होता.

परंतु या नावास सामाजिक आशय लाभला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या कार्यामुळे. त्यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, महाविद्यालय सुरू केले. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि उच्च शिक्षणाच्या सोयी तेथे अत्यंत तोकड्या होत्या. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसविण्यात आली. या संस्थेस पुढे 'मिलिंद महाविद्यालय' हे नाव मिळाले आणि तिच्या परिसरास 'नागसेनवन'. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघांचीही नावे अशा रीतीने एका विद्यास्थानाच्या भूमीवर एकत्र आली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे डॉ. आंबेडकरांनी आपल्या लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावांत एक स्पष्ट बदल दिसू लागला : सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद आणि त्यांच्याच पंक्तीत मिलिंद. या बदलाचे महत्त्व कळण्यासाठी मागे पाहावे लागते. मनुस्मृतीने ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे निंदाव्यंजक असावे, असे सांगितले आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाच्या वाट्यास कचरू, धोंड्या, दगड्या अशी नावे किंवा चांगल्या नावाचेही 'या' लावून तोडलेले रूप येई. अशा नावांपैकी काही दृष्ट लागू नये म्हणून इतर समाजांतही ठेवली जात, हे खरे. परंतु तेथे मोठेपणी त्यास आदरार्थी 'राव' जोडला जाई, येथे मात्र म्हाताऱ्यालाही एकेरी हाक ऐकावी लागे. नाव हे जेथे माणसाची जागा दाखविण्याचे साधन होते, तेथे पाळण्यातील मुलास एका राजाचे, आणि तेही प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, नाव देणे ही साधी आवड नव्हती. तो एका अधिकाराचा उपयोग होता.

कालांतराने हे नाव कोणत्याही एका समाजाचे राहिले नाही. आज ते धारण करणाऱ्यांत सर्व जातिधर्मांचे मराठी भाषिक आहेत. कोणी ते भुंगा या अर्थाने ठेवतो, कोणी नागसेनाशी संवाद करणाऱ्या राजाच्या स्मरणार्थ. पंजाबातील त्या ग्रीक राजाच्या रक्षेवर उभारलेल्या स्मारकांपैकी एकही निश्चितपणे दाखविता येत नाही. शाळेत हजेरी घेताना 'मिलिंद' असे नाव पुकारले गेले की 'हजर' असे उत्तर मात्र अजूनही येते.